केजी, कि.ग्रॅ. की नुसतं किलो? एककांच्या छोट्या अक्षरांचा मोठा हिशोब

लोकलच्या गर्दीत इअरफोन लावून ऐकणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी पॉडकास्टचा हा नवा भाग इथे लेखी देतेय. बोलताना मध्ये मध्ये येणारे "अं" आणि "म्हणजे ना" तेवढे काढलेत, बाकी बोलणं तसंच आहे. एक गोष्ट आधी सांगते. इंग्रजी अक्षरं मी बोलून सांगितली होती, म्हणून इथेही ती तशीच लिहिली आहेत. "स्मॉल के" म्हणजे छोट्या लिपीतलं आणि "कॅपिटल के" म्हणजे मोठं. आजचा सगळा भाग या छोट्या-मोठ्यावरच उभा आहे.

आजचा विषय आहे एककं, म्हणजे किलो, लिटर, मीटर वगैरे. आणि त्यातही ती आपण थोडक्यात कशी लिहितो.

मी राहते फुलपाड्यात, विरार पूर्वेला. घरातून स्टेशनकडे निघालं की एकाच किलोची किती रूपं दिसतात बघा. हातगाडीवरच्या पाटीवर खडूने "४० रु. कि." लिहिलेलं असतं. किराणा दुकानाच्या बोर्डावर दोन्ही अक्षरं कॅपिटल, के आणि जी. तांदळाच्या पिशवीवर दोन्ही स्मॉल. शाळेच्या पुस्तकात "कि.ग्रॅ.". आणि घरातली मोठी माणसं भाजीवाल्याला सांगतात, "पावशेर मिरच्या दे."

आता गंमत बघा. शेर हे माप कायद्यातून जाऊन साठ वर्षं होऊन गेली. १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले आणि १९६२ पर्यंत ते देशभर लागू झाले. जुना शेर साधारण ९३३ ग्रॅमचा होता, म्हणजे खरा पावशेर २३३ ग्रॅमच्या आसपास. पण आज पावशेर मागितलं की भाजीवाला मुकाट्याने २५० ग्रॅम तोलतो. शब्द जुना, माप नवं, आणि दोघांपैकी कोणाचाही गोंधळ होत नाही.

कारण तो समोर उभा आहे, तराजू समोर आहे, मिरच्या समोर आहेत. संदर्भ असला की कसंही लिहा, कसंही बोला, चालतं. प्रश्न येतो तो लिहिणारा एका गावात आणि वाचणारा दुसऱ्या गावात असतो तेव्हा. पाकीट, सातबारा, औषधाची पट्टी, इंटरनेटचा प्लॅन. तिथे विचारायला समोर कोणी नसतं. तिथे ते एक अक्षरच सगळं बोलतं.

संक्षेप वेगळा, चिन्ह वेगळं

आपण सगळ्यालाच "शॉर्ट फॉर्म" म्हणतो. पण यात दोन जाती आहेत.

पहिली जात संक्षेपाची. "कि.ग्रॅ." हा मराठी शब्दाचा संक्षेप आहे. "किलोग्रॅम" लिहायचा कंटाळा आला म्हणून पहिली अक्षरं घेतली आणि पुढे टिंब दिलं. जसं "ता. वसई, जि. पालघर" लिहितो तसंच. संक्षेप भाषेचा असतो. मराठीत एक, गुजरातीत दुसरा, तमिळमध्ये तिसरा.

दुसरी जात चिन्हाची. स्मॉल के आणि स्मॉल जी हे जोडाक्षर इंग्रजीचं नाही, कुठल्याच भाषेचं नाही. ते अधिक-उणेच्या खुणेसारखं आहे. जपानमध्ये तेच, ब्राझीलमध्ये तेच, विरारमध्येही तेच. आंतरराष्ट्रीय एकक पद्धत, जिला जगभर "एस आय" म्हणतात, तिने ही चिन्हं ठरवून दिली आहेत आणि भारताच्या कायद्याने ती स्वीकारली आहेत.

चिन्ह असल्यामुळे त्याला चार साधे नियम लागतात.

एक, पुढे टिंब नाही. वाक्य संपत असेल तरच पूर्णविराम.

दोन, अनेकवचन नाही. पाच किलो असले तरी शेवटी एस लागत नाही.

तीन, आकडा आणि चिन्ह यांच्यात मोकळी जागा.

चार, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: छोटं ते छोटं, मोठं ते मोठं. एककाला माणसाचं नाव असेल तर चिन्ह कॅपिटल. वॅटचं डब्ल्यू, व्होल्टचं व्ही, अँपिअरचं ए, न्यूटनचं एन. बाकी मीटर, ग्रॅम, सेकंद सगळी स्मॉल. लिटरला तेवढी सूट आहे. स्मॉल एल आणि आकडा एक सारखेच दिसतात, म्हणून १९७९ पासून लिटरसाठी कॅपिटल एलसुद्धा चालतो.

"एवढं काय त्यात? समजतं ना!" असं तुम्ही म्हणाल. समजतं, हो. पण बिस्किटाच्या पुड्यावर "५००" आणि पुढे कॅपिटल जी, स्मॉल एम छापलेलं असेल, तर नियमाने त्याचा अर्थ होतो ५०० गिगामीटर. एक गिगामीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर. म्हणजे तुमचा पुडा झाला पन्नास कोटी किलोमीटरचा. पृथ्वीपासून सूर्य साधारण पंधरा कोटी किलोमीटरवर आहे!

ग्रॅमचं चिन्ह आहे फक्त स्मॉल जी. आणि कॅपिटल के हे अक्षर तापमानाच्या केल्विन या एककाने आधीच अडवलेलं आहे, म्हणून किलोचा के नेहमी स्मॉल.

देवनागरीत कॅपिटल कुठे आहे?

आता आपल्या लिपीची अडचण. देवनागरीत छोटं-मोठं अक्षरच नाही. मग "एमएल" लिहिलं तर ते स्मॉल एमचं की कॅपिटल एमचं?

हा प्रश्न वसई-विरारमध्ये रोजचा आहे, कारण आपल्याकडे पाण्याची बातमी आली की "एमएलडी" हा शब्द येतोच. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना ४०३ एमएलडीची. त्यातले १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. हा एमएलडी म्हणजे इंग्रजीतलं "मिलियन लिटर पर डे". मिलियन म्हणजे दहा लाख. म्हणजे १८५ एमएलडी झालं दिवसाला साडेअठरा कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये मोजायचं तर एक एमएलडी म्हणजे शंभर टँकर आणि १८५ एमएलडी म्हणजे साडेअठरा हजार टँकर, रोज.

आता तेच "एमएल" औषधाच्या बाटलीवर वाचा. तिथे एम स्मॉल आहे, म्हणजे मिली, हजारावा भाग. १८५ मिलिलिटर म्हणजे जेमतेम एक कप चहा. देवनागरीत दोन्ही "एमएल" हुबेहूब एकसारखे दिसतात आणि त्यांच्यात शंभर कोटी पटींचा फरक आहे.

मराठीने यावर स्वतःचा उपाय शोधलाय. सरकारी कागदावर तुम्हाला "द.ल.लि." दिसेल, म्हणजे दशलक्ष लिटर. आणि बाटलीवर "मि.ली.". दोन्ही वेगळे, घोळ नाही. म्हणून मला वाटतं, देवनागरीत लिहायचं तर इंग्रजी अक्षरांचा उच्चार लिहिण्यापेक्षा मराठी संक्षेप जास्त भरवशाचा आहे.

कॅपिटल-स्मॉलचं काम आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ करतात. "५ मि." म्हणजे पाच मिनिटं आणि "५ मी." म्हणजे पाच मीटर. पावसाची बातमी "मि.मी." मध्ये येते, त्यात पहिला मि मिलीचा आणि दुसरा मी मीटरचा. मोबाइलच्या कीबोर्डवर बोट जरा घसरलं की अर्थ बदलला. आणि "ता." तर विचारूच नका. पत्त्यात तो तालुका असतो, अर्जावर तारीख असतो आणि "कि.मी./ता." मध्ये तास. संदर्भ आहे तोवर सगळं ठीक.

पाकिटावर कायदा काय म्हणतो

हा भाग खास त्यांच्यासाठी, जे घरून काहीतरी विकतात. आपल्या आजूबाजूला कितीतरी जणी पापड, लोणची, कुरडया करतात. वसईचा बॉटल मसाला तर ऑनलाइन सगळीकडे जातो. लेबल डिझाइन करायला घरातल्या मुलामुलींनाच सांगतात, म्हणजे तुम्हालाच.

सध्याचा कायदा आहे वैध मापनशास्त्र कायदा, २००९. त्याखाली २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम आहेत. आवेष्टित म्हणजे आधीच पॅक केलेल्या. या नियमांनुसार पाकिटावरचं निव्वळ वजन किंवा माप आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या एककांतच द्यावं लागतं. त्यामुळे दोनशे ग्रॅम मसाल्याच्या लेबलवर दोनशेचा आकडा, मोकळी जागा आणि स्मॉल जी. बस. "जीएम" नको, "जीएमएस" नको, टिंब नको.

नगावर विकत असाल, समजा बारा लाडू, तर "पीसीएस" किंवा "एनओएस" चालत नाही. नियमात नगासाठी दोनच अक्षरं दिली आहेत, एन किंवा यू. ऑनलाइन मागवलेल्या चार्जरच्या खोक्यावर "नेट क्वांटिटी १ एन" वाचून हा एन कोण असं वाटलं असेल, तर उत्तर मिळालं. एन म्हणजे नंबर, एक नग. मघाशी आपण न्यूटनचं चिन्हही एनच म्हणालो होतो, पण खोक्यात न्यूटन भरलेला नाही.

गिऱ्हाईक म्हणून तुमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पाकिटावर एककामागची किंमतही छापायला सांगितलं. पाकीट किलोपेक्षा कमीचं असेल तर किंमत ग्रॅममागे आणि किलोपेक्षा जास्तचं असेल तर किलोमागे. इथेच नीट बघायचं. समजा ९०० ग्रॅमच्या पाकिटावर "ग्रॅममागे २४ पैसे" आहे आणि २ किलोच्या पाकिटावर "किलोमागे २३० रुपये". २४ पैसे एकदम स्वस्त वाटतात. हजाराने गुणा, २४० रुपये किलो झाले. मोठं पाकीट स्वस्त निघालं.

तेलाचंही तसंच. आपण घरी "एक किलो तेल आण" म्हणतो आणि पिशवी असते एक लिटरची. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे लिटरभर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. एका पिशवीवर लिटर आणि दुसरीवर ग्रॅम असेल, तर नुसत्या किमती शेजारी ठेवून तुलना होत नाही. पाकिटाबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, सेव्ह करून ठेवा.

तुमच्या हातातला फोन

आता थेट तुमच्या खिशात येऊ. इंटरनेटवाला सांगतो "शंभर एमबीपीएस". तुम्ही मनात म्हणता, म्हणजे सेकंदाला शंभर एमबी, दीड जीबीचा सिनेमा पंधरा सेकंदात. मग डाउनलोड लावता आणि दोन मिनिटं लागतात. कंपनीने फसवलं का? नाही. त्या प्लॅनमधला बी स्मॉल आहे. स्मॉल बी म्हणजे बिट आणि कॅपिटल बी म्हणजे बाइट. एक बाइट म्हणजे आठ बिट. शंभरला आठने भागा, सेकंदाला साडेबारा एमबी आले. दीड हजार एमबीला साडेबाराने भागलं की १२० सेकंद, म्हणजे दोन मिनिटंच. फाइलचा आकार कॅपिटल बीमध्ये आणि वेग स्मॉल बीमध्ये, म्हणून आठने भागायचं हे डोक्यात ठेवा. अर्थात ही दोन मिनिटं लाइन पूर्ण वेगाने चालली तर.

पॉवर बँकेवर "१०००० एमएएच" असतं. खरं चिन्ह: स्मॉल एम, कॅपिटल ए, स्मॉल एच. मिली, अँपिअर, तास. विमानात मात्र ते "वॅट-तास" विचारतात, आणि सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. हिशोब सोपा: एमएएचला हजाराने भागा आणि आतल्या बॅटरीच्या व्होल्टेजने गुणा. ते बहुधा ३.७ असतं. दहा हजारचं झालं ३७ वॅट-तास. आरामात चालतं.

आणि घरच्या वीजबिलातला "युनिट"? त्याचं खरं नाव किलोवॅट-तास. हजार वॅटची इस्त्री सलग तासभर तापली की एक युनिट. "युनिट" या शब्दाचा अर्थ नुसता "एकक" आहे. आपण त्यालाच एककाचं नाव करून टाकलंय आणि गंमत म्हणजे सगळ्यांना कळतंय.

गुंठा की आर?

आमच्याकडे चहाच्या टपरीवर जागेच्या भावाची चर्चा नसेल असा दिवस जात नाही. तोंडी भाषेत असतो गुंठा. सातबाऱ्यावर मात्र "हे. आर. चौ.मी.", म्हणजे हेक्टर, आर, चौरस मीटर. पुष्कळ लोक सर्रास सांगतात, "आर म्हणजेच गुंठा." जवळजवळ खरं आहे. पण जवळजवळच.

गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आर म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. शंभर आरांचा एक हेक्टर. एका गुंठ्यामागे फरक तेरा चौरस फुटांचा, दुर्लक्ष करावं इतका. पण दहा गुंठ्यांचा सौदा झाला आणि कागदावर दहा आर आले, तर १०८९० वजा १०७६४, म्हणजे १२६ चौरस फूट गेले. विरारमध्ये १२६ चौरस फूट म्हणजे एक खोली. एक अख्खं कुटुंब राहतं तेवढ्यात.

फ्लॅटचंही असंच. एजंट बोलतो "स्क्वेअर फूट" आणि म्हाडाच्या जाहिरातीत किंवा करारनाम्यात चटई क्षेत्र असतं "चौ.मी." मध्ये. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. तीस चौ.मी. बघून "एवढंच?" वाटतं, पण ते सुमारे ३२३ चौरस फूट आहे. एजंटच्या तोंडातला आकडा आणि कराराचा आकडा एकाच एककात आणल्याशिवाय टोकन देऊ नका.

जिथे अधिकृत चिन्हच धोक्याचं ठरतं

इथपर्यंत ऐकून वाटेल की अधिकृत ते बरोबर आणि रोजचं ते चूक. औषधांच्या जगात एक उदाहरण बरोबर उलटं आहे.

ग्रॅमचा हजारावा भाग मिलिग्रॅम, आणि मिलिग्रॅमचा हजारावा भाग मायक्रोग्रॅम. मायक्रोचं अधिकृत चिन्ह आहे ग्रीक अक्षर म्यू. हे म्यू घाईत हाताने लिहिलं की स्मॉल एमसारखं दिसतं. म्हणजे मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम झालं, डोस हजार पट. म्हणून औषधसुरक्षेवर काम करणारे सांगतात की हाताने लिहिताना म्यू वापरू नका, "एमसीजी" लिहा. एस आय पद्धतीच्या यादीत हा एमसीजी बसत नाही. तरीही थायरॉइडच्या गोळ्यांच्या पट्टीवर तुम्हाला तोच दिसेल, आणि ते योग्यच आहे.

दुसरं उदाहरण इन्सुलिनचं. युनिटसाठी नुसता यू लिहिला तर तो शून्यासारखा दिसतो. "४" पुढे यू, तो वाचला "४०". म्हणून "युनिट" हा शब्द पूर्ण लिहावा असा आग्रह असतो.

शिवाय भारतात इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि मिलिलिटरमध्ये १०० युनिट. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. आता अदलाबदल झाली तर बघा. १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर ते अर्धा मिलिलिटर होतं, आणि त्यात वीसच्या जागी ५० युनिट जातात. अडीच पट. साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते.

घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर आज बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी ठेवून बघा. जुळत नसेल किंवा शंका असेल, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना किंवा औषधांच्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा.

मग आपण काय करायचं?

माझं म्हणणं एवढंच की व्हॉट्सअॅपवर, भाजीवाल्याशी, मित्रांत काहीही लिहा. "२ कि. कांदे" लिहिलं म्हणून कोणी कान पकडणार नाही. पावशेर म्हणा, तोळा म्हणा, मस्त शब्द आहेत, टिकले पाहिजेत.

पण तीन ठिकाणी थांबायचं: पैसे देताना, सही करताना आणि औषध घेताना. तिथे एककाचा शॉर्ट फॉर्म मनातल्या मनात वाचायचा नाही, तोंडाने पूर्ण म्हणायचा. "एमजी" नाही, "मिलिग्रॅम". "एमबी" नाही, "मेगाबिट" की "मेगाबाइट". "आर" असेल तर "शंभर चौरस मीटर". पूर्ण म्हणता आलं नाही, की समजायचं आपल्याला ते कळलेलं नाही, आणि समोरच्याला विचारायचं.

आणि तुम्ही स्वतः लेबल, पोस्टर, मेन्यू बनवत असाल, तर वाचणारा तुम्हाला ओळखत नाही असं धरून लिहा. रोमन अक्षरांत लिहिलं तर छोटं-मोठं सांभाळा. देवनागरीत लिहिलं तर ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा.

तुमच्या भागात एखादं माप असं असेल जे बोललं एका नावाने जातं आणि कागदावर दुसऱ्याच नावाने येतं, तर मला नक्की कळवा. वाडा, जव्हार, डहाणूकडच्या श्रोत्यांकडून तर हवंच आहे, तुमच्याकडे अजून पायली आणि अधोली चालते ना? त्यावर एक वेगळा भाग करू. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा. भेटू पुढच्या भागात!